'शब्द बदलून पाय सरळ होत नाही': 'एक बाप' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गेल्या महिन्यात बाल न्याय कायद्यातल्या शब्दांची ओळख करून देणारा लेख मी इथे लिहिला. त्याखाली 'एक बाप' एवढीच सही करून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी सायकलवरून क्लासला निघाली होती आणि १६ वर्षांच्या एका मुलाने बुलेटने तिला उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला, दोन ऑपरेशनं झाली, अजून ती वॉकर धरून चालते. पोलीस ठाण्यात तुम्हाला सांगितलं गेलं की मुलगा लहान आहे, कायद्याने बाब किरकोळ आहे, एफआयआर होत नाही, डायरीत नोंद घेतो. त्यानंतर तुमच्या वाचनात माझा लेख आला. "तुम्ही त्याला खुशाल विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणा, शब्द बदलून माझ्या मुलीचा पाय सरळ होत नाही," असं तुम्ही लिहिलंत. (अठराखालच्या ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला कायदा हेच म्हणतो.) हे गोंडस शब्द गुन्हा झाकायला आहेत, अठराला दोन महिने कमी असले की सगळं माफ, आणि पुण्यात तर निबंध लिहून सुटका, असे तुमचे तीन आक्षेप आहेत.

प्रतिक्रिया मी जशीच्या तशी ठेवली आहे. फक्त त्या मुलाचं नाव आणि कॉलेजचं नाव गाळलं. का, ते पुढे सांगते.

वादाच्या आधी कामाचं. ठाण्यात तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच आहे. एकट्या बालकाने केलेला गुन्हा निर्घृण प्रकारात (कमीत कमी ७ वर्षं शिक्षेच्या) मोडत नसेल तर एफआयआर न करता ठाण्याच्या डायरीत नोंद घ्यायची, असा नियम आहे खरा. पण प्रकरण तिथे मिटत नाही. त्या नोंदीबरोबर मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल तयार करून सगळं बाल न्याय मंडळापुढे जावं लागतं. आणि गाडी ज्यांनी त्याच्या हातात दिली ते तर प्रौढ आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक स्वतः दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. मला न सांगता गाडी नेली, किंवा मी त्याला अडवायचा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकांवरच. हे कलम लावलंय का, ते वकिलांना कागद काढून बघायला सांगा. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वेगळा करायचा असतो, त्यात दिरंगाई करू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे तुमच्या मुलीला तो मिळायलाच हवा.

आता 'किरकोळ'. माझ्या लेखात या शब्दाला मी एक ओळ दिली होती: ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत कैद आहे तो. ज्याच्या घरात वॉकर उभा आहे त्याला ती ओळ कशी लागेल, हा विचार माझ्या मनात आला नाही, आणि तो यायला हवा होता. कायदा इथे जखम मोजत नाही, शिक्षेचा आकडा मोजतो. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेत जास्तीत जास्त ३ वर्षं आहेत, म्हणून हा गुन्हा त्या खान्यात पडतो. चाळिशीच्या माणसाने तुमच्या मुलीला उडवलं असतं तरी आकडा हाच राहिला असता. त्या आकड्यावर तुम्हाला राग असेल तर मी तुमच्या बाजूची आहे. पण तो बाल न्याय कायद्याने ठरवलेला नाही.

गोंडस शब्दांबद्दल मात्र माझं ऐका. मी २७ वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून काम केलं. हे शब्द आम्हाला कौतुकाने वापरायला दिलेले नव्हते. प्रत्येक शब्दामागे कुणाला तरी हुकूम आहे. 'अटक' न म्हणता 'ताब्यात घेतलं' लिहायचं, कारण त्या एका शब्दावरून हवालदाराला कळतं की बेडी नाही, लॉकअप नाही, अंगावर शक्यतो वर्दी नाही, आणि २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करायचंय. 'खटला' न म्हणता 'चौकशी' म्हणायचं, कारण तिथे मंडळ बसतं: एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली किमान एक स्त्री. मूल असं का वागलं हे शोधणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. दूषण देणारे शब्द मुलांच्या बाबतीत वापरू नयेत, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमात तत्त्व म्हणूनच घातलंय. ज्या ठाण्यात डायरीत 'आरोपी' लिहिलेलं दिसायचं, त्या ठाण्यात मूल रात्रभर बाकावर बसवलेलं असायचं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की शब्द आधी बघायची सवयच लागली.

'रिमांड होम'चंच बघा. कायद्यात हा शब्द आता राहिलेला नाही, 'निरीक्षणगृह' आहे. पण घराघरांत अजून "रिमांड होममध्ये टाकीन हां" हीच धमकी. त्याला कारणही आहे. टिळक आणि आगरकर १८८२ साली ज्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तिथेच पुढे मुंबईच्या मुलांचं रिमांड होम आलं. भिंती तुरुंगाच्याच, मग लोकांच्या मनातून तुरुंग कसा जाईल? चौकशी चालू असताना मुलाला ठेवायचं ते निरीक्षणगृह, चौकशी संपून आदेश झाल्यावर ठेवायचं ते विशेष गृह, आणि ज्याचा काही गुन्हा नाही, फक्त ज्याला कुणी नाही, त्याचं ते बालगृह. आपल्याकडे तिघांना एकच नाव. आईबाप गेलेलं मूल शाळेत 'रिमांडचं पोर' म्हणून ओळखलं जातं.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर सांगते. १५ वर्षांच्या एका मुलाने रात्री उभ्या केलेल्या रिक्षांच्या बॅटऱ्या काढून भंगारवाल्याला विकल्या होत्या. सामाजिक तपासणी अहवालासाठी मी घरी गेले. दहा बाय दहाची खोली. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. मी विचारत होते, ती सांगत होती, पण हात एकदाही थांबले नाहीत. संध्याकाळी हजार विड्या मोजून द्यायच्या होत्या. वडील यंत्रमागावर होते, टीबीने सहा महिने अंथरुणाला. मुलगा दाराआड उभा. मी निघाले तसा बोळाच्या तोंडापर्यंत मागे आला आणि म्हणाला, "मॅडम, आता पोलीस भरती बंद झाली ना?"

त्याला मी जे सांगितलं ते आजच्या कायद्यात २४ वं कलम आहे: बाल न्याय कायद्याखाली प्रकरण निकाली निघालं की त्या निर्णयामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर कागदपत्रंही नष्ट करायची असतात. लहानपणच्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली सांगितलंय. पण त्या मुलाच्या बाबतीत त्याआधीच व्हायचं ते झालं होतं. एका स्थानिक पेपरने गल्लीचं नाव आणि बापाचा धंदा छापला. मुलाचं नाव नव्हतं, पण त्या गल्लीत ते लागतच नव्हतं. आठ दिवसांत शाळेने आईला बोलावून हातात दाखला ठेवला. पुढच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून त्याने बाहेरून दहावी दिली.

म्हणून मी तुमच्या प्रतिक्रियेतलं नाव गाळलं. कलम ७४ प्रमाणे नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते कलम तुमच्या मुलीलाही लागू आहे. ती पीडित बालक आहे, तिचंही नाव कुणी छापू शकत नाही.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगायलाच हवी. त्या रिक्षावाल्याचं काय झालं? दोन दिवसांचा धंदा बुडाला, नवी बॅटरी उधारीवर घेतली. मी भरलेल्या अहवालात मुलाच्या सवयी, मित्र, घरातले तंटे, सगळ्याला रकाने होते, रिक्षावाल्यासाठी एकही नव्हता. मीही त्याच्याकडे गेले नाही. हा कायदा मुलाला विचारतो, मुलाच्या आईला विचारतो. ज्याला लागलं त्याला कुणी विचारत नाही, चौकशी कुठवर आली हेही कळवत नाही. तुमचा खरा राग या जागेवरचा आहे असं मला वाटतं, आणि तो रास्त आहे.

आता अठराचा आकडा. "सगळं माफ" हे खरं नाही. २०१५ च्या कायद्याने गुन्ह्यांचे तीन थर केले. किरकोळ वर सांगितला. ३ ते ७ वर्षांपर्यंत शिक्षेचा तो गंभीर. आणि ज्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे तो निर्घृण, उदाहरणार्थ खून. १६ ते १८ मधल्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं: हे करण्याची त्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणाम त्याला कळत होते का, कुठल्या परिस्थितीत केलं. त्यावरून त्याला मंडळाऐवजी बालन्यायालयात प्रौढासारखं चालवता येतं. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. १६ खालच्या मुलाला यातून कधीच पाठवता येत नाही. फाशी, किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप, अठराखालच्या कुणालाच नाही. लेखात मी 'गंभीर' आणि 'निर्घृण' दोन्हींना 'गंभीर'च म्हटलं होतं. तो माझा दोष, आता दुरुस्त केलाय.

या थरांमध्ये एक फट होती. कमाल शिक्षा ७ वर्षांहून जास्त, पण किमान शिक्षा ठरलेलीच नाही, असे गुन्हे कुठे बसवायचे? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये ते 'गंभीर'मध्ये धरले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आलं. तुम्ही म्हणता त्या पुण्याच्या, कल्याणीनगरच्या अपघाताची गाठ इथे आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले. लावलेलं सदोष मनुष्यवधाचं कलम जुन्या भारतीय दंड संहितेतलं, त्याला ७ वर्षांची किमान शिक्षा नाही. जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायला नकार दिला.

आणि तो निबंध शिक्षा नव्हती. ३०० शब्दांचा निबंध ही जामिनाची एक अट होती, चौकशी पुढे चालूच राहिली. मुलांच्या बाबतीत जामीन हा नियम आहे. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीला लागेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल, असं दिसलं तरच नाकारायचा, आणि कारण लिहून. त्या आदेशाची बाजू मी घेणार नाही. दोन घरांत प्रेतं असताना एका सदस्याने त्याच दिवशी अशी अट घालणं मला असह्य झालं होतं. पुढे सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांची नेमणूक रद्दही केली. पण लोक खवळले म्हणून जामीन दिलेल्या मुलाला परत निरीक्षणगृहात ठेवलं, ते उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ ला बेकायदा ठरवलं, आणि ते मला बरोबर वाटतं.

दोन महिन्यांचं म्हणाल तर रेघ कुठे ओढली तरी तिच्या काठावर कुणीतरी उभं राहणारच. १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी ती १६ वर होती, २००० साली १८ झाली. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. पुण्यात १९९४ साली सात जणांचं हत्याकांड झालं. त्यातल्या एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती. राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून पुढे सिद्ध झालं की त्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३ मध्ये तो सुटला तेव्हा तुरुंगात २८ वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्या घरातल्या मेलेल्या माणसांना मी विसरत नाही. पण साडेबाराव्या वर्षीच्या गुन्ह्यासाठी एका पोराला आपण फाशीच्या कोठडीत ठेवलं होतं, हेही विसरता येत नाही.

तुमच्या मुलीला उडवणारा मुलगा मंडळापुढे गेला असेल तर तिथला परिविक्षा अधिकारी कोण, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा आणि त्यांना भेटा. मुलीचे डिस्चार्जचे कागद, एक्स-रे, बिलं घेऊन जा. रकाना नसला तरी अहवालाला जोडपत्र लावता येतं. मी नोकरीत असताना ते करायला हवं होतं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी फिजिओथेरपी किती दिवस सांगितलीय? त्याच्या पावत्या फेकू नका. दाव्यात त्या लागतात.