फुकटातलं स्टॅटिस्टिक्स

मॅडम म्हणाल्या, "डेटा आला ना? मग एसपीएसएसला टाक आणि कोरिलेशन काढून आण." जणू काही गिरणीत दळणच टाकायचंय. एमएच्या डेझर्टेशनला माझा विषय हॉस्टेलच्या मुलींची झोप आणि परीक्षेची भीती (या दोन्हींचा एकमेकींशी किती संबंध, तेच ते कोरिलेशन), फॉर्म भरून घेता घेता अर्ध्या हॉस्टेलला चहा पाजून झालेला, त्यामुळे एसपीएसएस या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरच्या लायसनची किंमत बघितली आणि लॅपटॉप हळूच मिटला. डिपार्टमेंटच्या एका पीसीवर ते आहे म्हणतात, पण लॅबची किल्ली ज्या सरांकडे असते ते कायम "आत्ताच खाली गेले".

मग कळलं की याच कामाचं आर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडला ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी बनवलेलं, दोघांच्या नावातला आर म्हणून आर. त्याची १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. चार वर्षांतून एकदा उगवणारी तारीख धरणाऱ्या माणसांकडून सोपेपणाची अपेक्षा कुठे करता! बरं नाव एकाच अक्षराचं, म्हणजे अडलं तर गूगलला विचारायचं तरी काय?

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "फुकट? व्हायरस असेल." मी म्हटलं अहो बाबा, कोड सगळा उघडा असतो, कुणीही वाचावा, जगभरातली माणसं पॅकेजेस, म्हणजे त्याला जोडायचे तयार कोड, लिहून देतात, वीस हजारांच्या वर झालीत. "पण त्यांना काय मिळतं त्यातून?" यावर मी फोन आईकडे दिला.

आर उघडलं. पांढरी खिडकी आणि एक बाण. बटणं नाहीत, मेनू असून नसल्यासारखा. फाइलचा पत्ता विंडोजमधून कॉपी करून दिला तर एरर, कारण विंडोजची ती उलटी तिरकी रेघ आरला चालत नाही, सुलटी लागते नाहीतर दोनदा द्यावी लागते. कंस बंद करायचा राहिला तर ओरडणार नाही, नुसतं अधिकचं चिन्ह दाखवत बसतं. एंटर मारा, अधिक. परत मारा, अधिक. भांडल्यावर गप्प बसणाऱ्या माणसांचा मला तसाही राग येतो. (एस्केप दाबायचं असतं. हे मला माझ्यापेक्षा लहान मुलीने सांगितलं.)

खरा घोळ वयाच्या रकान्यात. कुणी २२, कुणी बावीस, कुणी "२१ पूर्ण" आणि एकीने "विचारू नका". सरासरी मागितली तर आरचं उत्तर एनए, म्हणजे उपलब्ध नाही, वर हे नंबर नाहीत अशी वॉर्निंग. त्याचं बरोबरच होतं म्हणा. रात्रभर बसून एकेक वय नीट केलं, माझ्या झोपेचा डेटा मात्र कुणी घेतला नाही.

सकाळी लातूरची रूममेट उठली, माझी साफ केलेली फाइल जास्प नावाच्या दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडली, दोन रकाने इकडून तिकडे ओढले, टिक केलं आणि टेबल तयार, तेही थेट रिपोर्टात चिकटवण्यासारखं. जास्पपण फुकटच, ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं. "अगं, आधी सांगायचंस ना!" तर म्हणे, "तू एवढी मन लावून टाइप करत होतीस." शिवाय जास्पच्या पोटात गणितं करायला आरच बसलंय, म्हणजे मी रात्रभर ज्याच्याशी भांडत होते तेच हिच्यासाठी मुकाट्याने राबत होतं. तरी ग्राफ मी हट्टाने आरमध्येच काढला. शीर्षक मराठीत दिलं तर अक्षरांच्या जागी चौकोन आले, मग इंग्रजीत दिलं.

मॅडमनी टेबल चष्म्याच्या वरून बघितलं, मग चष्म्यातून. "पी व्हॅल्यू ठीक आहे. पण हे एसपीएसएसचं दिसत नाही."
"मॅडम, हे फ्री आहे."
"फ्री आहे? मग आकडे बरोबर असतील ना गं?"
संदर्भसूची पुढे केली. जास्पच्या नावापुढे ॲमस्टरडॅम, आरच्या पुढे व्हिएन्ना, कारण आर फाउंडेशन तिथं आहे.
"मागच्या वेळी तर न्यूझीलंड म्हणाली होतीस."
"ते बनवलं तिथं, मॅडम."
"व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतील तेव्हा काय, नकाशा घेऊन बसणारेस का? एक कुठला तरी देश ठरव आणि सोमवारी दाखव."