फौजी बाप सुटीवर आला की म्हणे पोराला सरळ करायचं

'फौजी बाप सुटीवर येतोय? हे सात नियम पाळा' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. खाली 'पुण्यातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांचा अनुभव' असं लिहिलंय, साहेबांचं नाव मात्र कुठेच नाही. दिघीला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तो वाचून सोडून दिला. पण मेहुण्यांनी येताना झेलम एक्सप्रेसमध्ये बसून वाचला आणि घरात पाऊल टाकताच अडीच वर्षांच्या लेकावर अंमल सुरू केला. म्हणून लिहिणं भाग आहे.

नियम पहिला: 'आईने लाडावलेलं असतं, पहिल्याच दिवशी शिस्त लावा.' हा प्रयोग जगाने करून पाहिलाय. दुसऱ्या महायुद्धात बाप लढाईवर असताना जन्मलेल्या पहिल्या मुलांचा अभ्यास स्टॅनफर्डच्या लोइस स्टोल्झ यांनी केला, तो १९५४ साली छापून आला. परतलेल्या बऱ्याच बापांना पोर बिघडलेलं वाटलं, त्यांनी कडक धोरण धरलं, आणि पोरं आणखी लांब गेली. त्याच बापांचं दुसऱ्या मुलाशी, ज्याला जन्मापासून पाहिलं त्याच्याशी, जास्त जमलं. दोष पोराच्या वळणात नव्हता, मधल्या तुटलेल्या काळात होता. एवढं एक वाचलं असतं तरी साहेबांनी पुढचे सहा नियम लिहिले नसते.

आता तिसरा नियम, ज्याने माझं डोकं फिरलं. 'मूल बापाकडे जात नसेल तर आईने दोन दिवस त्याला जवळ घेऊ नये. झक मारत बापाकडे जाईल.' काय अक्कल! जो माणूस पोराला अजून परका आहे, तो आला आणि त्याच दिवशी आईही हातची गेली. पोराने याचा अर्थ काय लावायचा? हा आला म्हणून आई गेली, दुसरं काय? आमच्याकडे नेमकं हेच झालं. इतके महिने आईच्या कुशीत झोपणारं पोर पहिल्या रात्री आजीच्या खोलीत पाठवलं. सकाळी त्याने येऊन बापाची उशी ओढली आणि खाली टाकली. मेसेजच्या हिशेबाने हा हट्टीपणा. अहो, त्याची जागा गेली होती!

जमलं ते वेगळ्याच गोष्टीने. मेहुणे वैतागून जमिनीवर बसले आणि बूट पॉलिश करायला घेतले. पॉलिशच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकून पोर दाराआडून सरकत सरकत आलं. यांनी उचललं नाही, पापा मागितला नाही, नुसता ब्रश हातात दिला. दोघांनी मिळून एक बूट अर्धा काळा केला आणि फरशी पूर्ण. बहिणीने त्या दिवशी फरशीबद्दल चकार शब्द काढला नाही.

भेटवस्तूंचा नियम आणि 'लहान मुलांना काही कळत नाही'वाला नियम, यांवर वेळ घालवत नाही. 'मोठ्या मुलांची काळजी नको' हेही तसलंच. बाप नसताना गॅसचा नंबर लावणारी, लहान भावाचा अभ्यास घेणारी दहा वर्षांची मुलगी बाबा आल्यावर एकदम 'तू गप्प बस' ऐकते, तेव्हा ती फुगणारच.

एक मान्य करते, नाइलाजाने. 'आईबापाने मुलांसमोर एकमेकांचा शब्द मोडू नये' हे बरोबर आहे. पण मग पहिले काही आठवडे शब्द आईचाच चालू द्या. जेवणाच्या, झोपण्याच्या वेळा तिने बसवल्यात. बापाने त्यातलं एखादं काम उचलावं, अंघोळ घालावी, बालवाडीतून आणावं.

शेवटचा नियम: 'परत जाताना मूल झोपलेलं असताना निघा, रडारड टळते.' हा तर घरोघरी पाळतात. फौजेत वर्षाची साठ दिवस सुटी, तीही बहुतेकांना तुकड्यातुकड्याने मिळते. म्हणजे पोराने पुन्हापुन्हा झोपेतून उठायचं आणि बाप गायब. मग ते दुपारी झोपायलाच घाबरतं. बहिणीला सांगितलंय, कॅलेंडरवर जायच्या दिवसाला गोल कर, रोज त्याच्या हाताने एक फुली मारून घे, आणि त्याला स्टेशनवर ने. रडेल. फलाटावर रडेल, परतताना रिक्षात रडेल. रडू दे की!