खळखळाट आणि थोरपण : दारव्ह्याच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि दोन ओळींत तिचं उत्तर भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की थोर माणसाच्या अंगात उत्साह मावत नाही, तो सांडतो. त्यावर गुरुजी म्हणतात, 'उथळ पाण्याला खळखळाट फार. उत्साही माणसांचा आमच्या तालुक्यात तोटा नाही, चौकातले बॅनर बघा. खरं थोरपण विनोबांसारखं शांत असतं. तुम्ही गोंगाटाला गुण ठरवताय.'

आधी बॅनरचं बघू. तो उत्साह भाड्याचा असतो जी. डीजे भाड्याचा, गाड्या दुसऱ्याच्या, पोरांना पेट्रोल नि रात्रीचं जेवण, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. त्या माणसातून काही सांडत नाही, त्यालाच बाहेरून भरावं लागतं. ग्रामसभेला कोरम नसतो तेव्हा ही मंडळी कुठे असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता गाडगेबाबा. गावात शिरले की आधी खराटा, दिवसभर झाडझूड, आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनात शांत असं काही नव्हतं. लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं, हसवता हसवता झोडपायचं, मधेच 'गोपाला गोपाला'चा गजर. कुणी पाया पडायला वाकलं तर काठी उगारायची. खळखळाटच म्हणा ना! पण पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा उभ्या राहिल्या त्या ह्याच आवाजावर. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. एवढं उभारून हात झटकता येतात कुणाला?

बाबा आमट्यांबद्दल तुम्ही 'प्रसिद्धी फार झाली' एवढंच लिहिलंत. मला तो माणूस ह्या विषयात सगळ्यांत बोलका वाटतो. हिंगणघाटच्या जमीनदाराचा पोरगा, तरुणपणी शिकार, सिनेमा आणि मोटारीचा शौक. तोच पुढे वरोरा नगरपालिकेचा उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांसोबत मैल्याची टोपली डोक्यावर घेतो. १९४९ मध्ये खडकाळ माळावर आनंदवन सुरू करतो, कुष्ठरोग्यांसोबत स्वतः विहीर खणतो. स्वभाव बदलला असं मला वाटत नाही. मोटार उडवणारी रग तीच होती, ती आता खडकावर लागली. पुढे मणक्याच्या दुखण्यानं बसणंच बंद झालं. उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. आणि अशा अवस्थेत, सत्तरी उलटल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये हा गृहस्थ 'भारत जोडो' म्हणत तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघतो. पाठ धड नसताना! संयमी माणसानं घरी पडून पत्रक काढलं असतं.

पंजाबराव देशमुखांचंही तेच. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाच्या लढ्यात पुढे, मग शिवाजी शिक्षण संस्था, मग दिल्लीत कृषिमंत्री, आणि १९५९ मध्ये तिथे जागतिक कृषी प्रदर्शन. 'जत्रा भरवून कापसाला भाव मिळाला का?' असं तुम्ही विचारता. नाही मिळाला. पण वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या पोरानं जग दिल्लीला बोलवायचं धाडस केलं, ते मला लहान वाटत नाही.

राहिले विनोबा. आवाज बारीक होता, मान्य. पण १९५१ मध्ये पवनार सोडलेला अशक्त माणूस पोचमपल्लीत एकानं जमीन देऊ केली म्हणून सगळ्या देशाकडे जमीन मागत सुटतो, आणि आश्रमात परत येतो तेरा वर्षांनी, तेही पायी फिरून. गुरुजी, ह्याला तुम्ही शांत म्हणता? मला तर हे गाडगेबाबांच्या गजराहून दांडगं वाटतं.

मला आपल्या भागात गोंगाटाची तेवढी भीती वाटत नाही. भीती वाटते ती पारावरच्या 'आपल्याले काय करा लागते'ची. तलाठी पैसे मागतो, बंधारा पहिल्याच पावसात फुटतो, शाळेत मास्तर नाही, तरी सगळे गप्प. आणि जो सगळ्यांत गप्प, त्याची तेरवीला 'कुणाच्या अध्यात ना मध्यात' अशी तारीफ.

'मोठी माणसं मोजत बसत नाहीत' हे मागच्या लेखातलं माझं वाक्य काढून टाका, असा तुमचा शेवटचा आग्रह. त्यामागचं तुमचं दुखणं कळतं, कारण न मोजण्याची किंमतही असते. विनोबांच्या ह्या भूदानात मिळालेली कितीतरी जमीन पडीक होती, कितीतरी वादातली, बरीच वाटलीच गेली नाही. हे दान नुसतं घेऊन भागणारं नव्हतं. सात-बारा तपासणारा, मोजणी करून घेणारा, तहसीलला खेटे घालणारा माणूस गावोगाव लागत होता, आणि तो पुरेसा मिळाला नाही. लेखात ही गोष्ट जोडतो. वाक्य मात्र काढत नाही.