कॉलमला हुडहुडी

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की नाशिककर मिसळीवर आणखी एक वाटी रस्सा मागवतो. मी अंबडच्या लॅबमध्ये जाऊन एचपीएलसीच्या, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, कॉलमची विचारपूस करतो; घटक वेगळे होतात ते याच नळीत. कॉलमचं तापमान एकसारखं ठेवणारा आमचा कॉलम ओव्हन दुरुस्तीला गेलाय आणि खरेदी विभाग म्हणतो, 'फाइल सहीला आहे.' तोवर १५ सेंटिमीटरची ती स्टीलची नळी उघड्यावर, एसी आणि खिडकीच्या मधोमध.

सकाळी पंप सुरू केला की बॅक प्रेशर (द्रव कॉलममधून ढकलताना पंपावर येणारा दाब) चढतं, कारण द्रव गारठला की दाट होतो. त्यात आमचा मोबाइल फेज, कॉलममधून वाहणारा द्रव, म्हणजे मेथेनॉल आणि पाणी, निम्मं निम्मं. लग्नात भेटलेले दोन साडूच ते: एकेकटे मोकळे, एकत्र आले की ताठ. खरंच, हे मिश्रण दोघांपेक्षाही दाट असतं.

आकडा ३०० बारच्या पुढे सरकला की मॅनेजरसाहेब विचारतात, "प्रेशरमुळेच पीक उशिरा येतोय ना?" पीक म्हणजे घटक बाहेर पडला की आलेखावर उठणारा सुळका. फ्लो तर पंप सांभाळतोच, एवढ्या प्रेशरने पीकच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. प्रेशर बिचारं नुसतं निरोप्या, कारभार तापमानाचा. एका अंशामागे रिटेन्शन टाइम, म्हणजे घटकाला बाहेर पडायला लागणारा वेळ, साधारण १ ते २ टक्के हलतो. गारठ्यात लांबतो, उबेत आखडतो. हे सगळं मी साहेबांना समजावलं. ते म्हणाले, "बरं. मग प्रेशर कमी कर."

इकडे क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, मॅडम शाल पांघरून येतात आणि पहिल्यांदा एसी बंद करतात. दुपारी खिडकीतून ऊन आलं की पीक लवकर येतात, टोकदारही दिसतात. साहेब खूश. पण ऊब सगळ्यांना सारखी मानवत नाही. मुख्य औषध जरा धावतं, इम्प्युरिटी जास्तच धावते, आणि सकाळी नीट अंतर राखून आलेले दोघं दुपारी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून येतात. रेझोल्यूशन, म्हणजे दोन पीकमधली फारकत, नापास. मग मी एसी लावतो, मॅडम शिंकतात, पुन्हा बंद.

शेवटी मीटिंग झाली. ओव्हनचा विषय वेळेअभावी राहिला, पण एसीच्या रिमोटला लॉगबुक मिळालं. एक अंश कमीजास्त करायचा तर कारण, वेळ आणि दोन सह्या. काल मॅडमनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'सर्दी'. साहेबांनी त्यावर लाल शेरा मारला: 'पुरावा जोडा.'