दर रविवारी सापाला आंघोळ कशाला?

काल एका ओळखीच्या मुलाने व्हिडिओ पाठवला. बादली अर्धी भरलेली, आत त्याचा पाळीव साप, कॉर्न स्नेक, गोल गोल फिरतोय आणि खाली लिहिलंय 'रविवारची आंघोळ', सोबत हसणारे इमोजी. दोनदा बघितला मी. तो एन्जॉय वगैरे करत नव्हता हो, बाहेर पडायला जागा शोधत होता! साप पोहतात हे कबूल, पण गुळगुळीत बादलीत टेकायला काहीच नसलं तर दमल्यावर तो करणार काय? दमला की बुडतो, साधी गोष्ट आहे.

आता लगेच मला नावं ठेवू नका, पहिल्या वर्षी मीही हेच करायचे. आमची बॉल पायथन (अजगराची एक छोटी जात), नाव गुंडी, तिला दर आठवड्याला टबमध्ये सोडायचे आणि वाटायचं किती लाड करतेय मी. एकदा मधेच फोन आला, दोन मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास गेला, येऊन बघते तर पाणी गार पडलेलं आणि गुंडी कोपऱ्यात एकदम मंद, उचलली तरी जीभ बाहेर नाही. सापाला स्वतःची उष्णता नसते, पाणी गार की साप गार, हे मला माहीत होतं की, परीक्षेत लिहिलं पण असतं. वाचली ती, पण त्या दिवसापासून साप पाण्यात असेपर्यंत मी जागची हलत नाही आणि फोन दुसऱ्या खोलीत.

मुळात एक गैरसमज फार पसरलाय की भिजवलं की कातडीतून पाणी आत जातं. नाही जात. सापाची कातडी अंगातलं पाणी आत अडवून ठेवायलाच बनलीय, तो पाणी पितो ते तोंडाने. टबमध्ये प्यायला तर प्यायला, नाहीतर नुसता ओला झाला. आणि कात तुकड्या तुकड्यात निघते त्याचं कारण बहुतेक वेळा कोरडी हवा हेच असतं. बॉल पायथनला साधारण 60 टक्के आर्द्रता लागते, कात टाकताना अजून थोडी जास्त, आणि तुमच्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे साप राहतो त्या पेटीत, आर्द्रतेचा मीटर 35 दाखवतोय (मीटर आहे ना पण?) तर वीस मिनिटांच्या आंघोळीने उरलेल्या आठवड्याचं काय होणार? त्यापेक्षा झाकणाच्या डब्याला एक भोक पाडा, आत ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा आणि एन्क्लोजरमध्ये ठेवून द्या. तिला वाटेल तेव्हा ती जाते, वाटेल तेव्हा बाहेर येते, कोणी धरून बसवत नाही.

मग भिजवायचंच नाही का? भिजवायचं, कात खरंच अडकली असेल तेव्हा. पण कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेत म्हणून लगेच टबमध्ये टाकू नका, तेव्हा तिला धड दिसत नसतं, आधीच चिडचिड असते, राहू द्या. जेवण दिलं असेल तर निदान दोन दिवस थांबा नाहीतर खाल्लेलं बाहेर काढेल.

पाणी 28 ते 30 डिग्री. आणि इथेच सगळे फसतात, कारण आपण ज्याला कोमट म्हणतो ते सापासाठी गरम असतं. आपल्या हाताला हे पाणी किंचित गारच लागतं, म्हणून हाताच्या भरवशावर राहू नका, थर्मामीटर घ्या. पाण्याची खोली सापाच्या जाडीच्या निम्मी, म्हणजे पोट पाण्यात आणि डोकं आरामात वर. आत टेकायला एखादा खडबडीत दगड ठेवा. डबा झाकणाचा, हवेला भोकं असलेला, आणि झाकण नीट लॉक होणारं, साप झाकण कसं ढकलतो ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. वीस मिनिटं पुरे. साबण नाही, तेल नाही. पाण्यात घाण केली (करतातच) तर लगेच पाणी बदला, कारण तेच पाणी ती पिते. आणि तो डबा फक्त तिचा, किचनच्या सिंकमध्ये किंवा आपल्या बाथटबमध्ये हे प्रकार नकोत, सापाकडे साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असतो, नंतर हात साबणाने धुवा.

बाहेर काढल्यावर ओला टॉवेल सैलसर धरायचा आणि त्यातून तिला स्वतःच सरकू द्यायचं, मऊ झालेली कात घासून निघते. ओढायची नाही. शेपटीचं टोक मात्र बघा, तिथे कातीची रिंग राहिली तर आवळत जाते आणि पुढचा रक्तपुरवठाच थांबतो. डोळ्यांवरची टोपी राहिली तर चिमटा घेऊन हिरोगिरी करू नका प्लीज, सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, जुन्यासोबत खालचा नवा फाटला तर डोळा जातो. पुढच्या कातीसोबत निघाली तर ठीक, नाहीतर सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे.

अजून एक, साप आपणहून पाण्याच्या भांड्यात तासन् तास पडून राहत असेल तर 'तिला पाणी आवडतं' म्हणून फोटो काढण्याआधी भांड्यात काळे ठिपके दिसतात का बघा. माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, असू शकतात, किंवा एन्क्लोजर जास्त तापलेलं असेल. आणि माइट्स आंघोळीने जात नाहीत, डोकं पाण्याबाहेर असतं ना, सगळे तिकडे चढून बसतात.

त्या मुलाला मी हे सगळं व्हॉइस नोटवर सांगितलं, सात मिनिटांची झाली. त्याचा रिप्लाय आला, 'ओके ताई, मीटर कुठला घेऊ?'

गुंडीला शेवटचं कधी भिजवलं ते मलाच आठवत नाहीये. परवा तिची कात निघाली, नाकापासून शेपटीपर्यंत सलग, उलट्या काढलेल्या मोज्यासारखी, आणि डोळ्यांच्या जागी दोन्ही गोल काचा होत्या, मी उजेडात धरून बघितल्या.