कैलासला कोण चाललंय?

संभाजीनगरात राहणाऱ्याची पाहुण्यांपासून सुटका नसती, कारण पाहुणे आपल्याला भेटायला येतच नाहीत, ते वेरूळला येतात आणि रात्री टेकायला आपलं घर असतं. ह्यावेळी परभणीचे काका-काकू, त्यात मे महिना. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी अंगणातून फोनवर मोठ्यानं जाहीर केलं, "उद्या कैलासला चाललोय!" शेजारच्या आजींनी ते अर्धंच ऐकलं अन् संध्याकाळी गल्लीतल्या बायका काकूंना धीर द्यायला दारात हजर.

मला तर ह्या शब्दाची धास्तीच बसलीय. तिबेटातला डोंगर कैलास, ६६३८ मीटर, हिंदू, बौद्ध, जैन, बोन धर्माचे सगळे त्याला मानतात, शिखरावर कुणी चढत नाही, खालूनच ५२ किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात (हे मला लई पटतं, उगं देवाच्या डोक्यावर कशाला बसायचं). वेरूळचं १६ नंबरचं लेणंही कैलास. पेपरात नावाआधी 'कै.' आलं की माणूस गेला. आणि आमचा प्लंबरपण कैलास, तो मात्र "आलो आलो" म्हणतो, येत नाही. इकडं पाहुण्यांनी भरलेल्या घरात नळ गळायलाय आणि फोनला "कैलास" सांगितलं की तो वेरूळचा रस्ता दाखवतो.

काकांना मंगळवारीच जायचं होतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं म्हटलं तर म्हणे "देवाला कसली आली सुट्टी?", मग दिवसभर घरात फॅनखाली फुगून बसले आणि बुधवारी निघालो.

काकांनी स्वतः उभं राहून घर बांधून घेतलंय त्यामुळं कुठलीही बिल्डिंग बघितली की ते पहिले पाया विचारतात. मी म्हणलो काका, इथं बांधकामच नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळातलं काम, अख्ख्या डोंगरातून वरून खाली कोरत आणलंय, आधी शिखर अन् मग तळ.

"म्हणजे स्लॅब आधी?"

"हो."

"अन् मिस्त्री मधेच काम सोडून गेला तर?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि शेजारचा गाईडसुद्धा फॉरेनरला सोडून आमच्याकडं बघायलेला. काका बराच वेळ मान वर करून उभे, त्यांच्या मिस्त्रीनं दोन खोल्यांना किती वर्षं घेतली ते सगळ्या परभणीला माहितीय.

दक्षिणेच्या बाजूला रावणाचं शिल्प आहे, खाली रावण कैलास हलवायलाय, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, म्हणजे कैलास लेण्यात परत कैलास. मी रंगात येऊन सांगायलो, शंकरानं नुसता अंगठा दाबला आणि रावण खाली अडकला बघा.

काकूंनी रावणाचे हात मोजायला घेतले, मधेच सोडले आणि काकांकडं वळल्या.

"त्यानं निदान डोंगर तरी उचलायला घेतला. तुम्ही ही पाण्याची कॅन धरा."