साप साप म्हणून भुई धोपटणारा मेसेज

मृग लागला की आमच्याकडे दोन गोष्टी न चुकता येतात. एक बेडूक, दुसरा तो मेसेज. वर ‘जनहितार्थ’, खाली फणा काढलेल्या नागाचा फोटो, आणि शेवटी ‘किमान दहा ग्रुपवर पाठवा’. वाडीच्या ग्रुपवर यंदा तो तीन वेळा येऊन गेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात: घराभोवती कार्बोलिक ॲसिड, फिनाइल किंवा रॉकेल शिंपडा, साप उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. डोकं त्रिकोणी असेल तर विषारी, गोल असेल तर बिनविषारी. बिनविषारी असेल तर शेपटीला धरून गोणीत घाला आणि लांब रानात सोडून या. विषारी असेल तर ठेचा आणि जाळा, नाहीतर जोडीदार डूख धरतो. पिल्लू दिसलं तर समजा, मादी घरातच आहे. आणि चावलाच तर वर दोरी आवळा, चीर द्या, ‘नाजा २००’ या होमिओपॅथीच्या औषधाचे थेंब जिभेवर सोडा, साप मारून दवाखान्यात सोबत न्या.

साप उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

मेसेज पाठवणारे सगळे आपलेच लोक आहेत, काळजीपोटी पाठवतात, म्हणून त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचं नाही. पण कागद-पेन्सिल घेऊन एकेक सूचना तपासली तेव्हा एक गोष्ट दिसली. शिंपडायला जा, डोकं निरखा, शेपटी धरा, ठेचा, मेलेला उचला. यातली जवळजवळ प्रत्येक सूचना माणसाला सापाच्या जवळ नेते. साप उडून येऊन चावत नाही. मधलं अंतर संपलं की चावतो.

आधी ते ॲसिड. कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. कातडीवर पडलं तर भाजतं, आणि कातडीतून आत शरीरातही शिरतं. सापाला वास कळतो, चांगलाच कळतो. सारखी लवलवणारी जीभ हवेतले कण गोळा करून टाळूतल्या इंद्रियाला पोचवते. पण उग्र वास कळणं वेगळं आणि त्यापायी उंदराचा माग सोडून परत फिरणं वेगळं. शिवाय कोकणातल्या जूनमध्ये शिंपडलेली कुठलीही गोष्ट किती तास टिकते हे वेगळं सांगायला नको. पहिल्या सरीला ते परसातून वाहत जातं, वाटेत कोंबड्या, मांजर आणि रांगतं पोर. लसूण, मीठ, डांबरगोळ्या, कुंपणाला लावलेली अमुक वनस्पती, या सगळ्यांची गत तीच. त्यातून साप आधीच घरात असेल आणि तुम्ही फिनाइल ओतलंत, तर कोनाड्यात गप्प बसलेला तो जीव अंगाची आग होऊन माजघरभर पळत सुटेल. मघाशी तो कुठे आहे हे तरी माहीत होतं.

साप येतो तो खाणं आणि कोरडी जागा शोधत. पावसाने बिळं भरतात. उंदीर भाताच्या कणगीकडे आणि माळ्यावर येतात, त्यांच्यामागे धामण येते. ट्यूबलाइटभोवती पाली जमतात, त्यांच्यासाठी कवड्या भिंत चढतो. विजेच्या मीटरमागे, कॅलेंडरमागे, दाराच्या चौकटीत सापडणारा साप बऱ्याचदा तोच असतो, आणि तो पूर्ण बिनविषारी आहे. तेव्हा शिंपडायचे पैसे वाचवून मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा, सरपण आणि उरलेले चिरे भिंतीला टेकवून रचू नका, कोंबड्यांचं खुराडं घराला चिकटून नको. उंदरांसाठी बाजारात मिळणारे चिकट पुठ्ठे मात्र कृपा करून जमिनीवर मांडू नका. त्यावर उंदीर चिकटतो आणि त्याला खायला आलेला सापही चिकटतो. मग खायचं तेल चोळून हळूहळू सोडवत बसावं लागतं, आणि तेही जाणत्या माणसाने. परसातल्या भाजीवर टाकलेल्या नायलॉनच्या जाळीचंही तसंच आहे. साप त्यात अडकतो आणि जितका सुटू पाहतो तितकी ती कातडीत रुतते.

त्रिकोणी डोक्याचा नियम कुठून आला ते कळतं. घोणस आणि फुरसं यांची डोकी खरोखर त्रिकोणी असतात. पण आपल्याकडे जे चार साप सर्वांत जास्त जीव घेतात त्यातले उरलेले दोन म्हणजे नाग आणि मण्यार. नागाने फणा काढला नसेल तर त्याचं डोकं धामणीसारखंच दिसतं, आणि मण्यारीचं तर मानेपासून वेगळं ओळखूही येत नाही. म्हणजे मेसेजचा नियम चारातल्या दोन सापांना बिनविषारी ठरवतो. उलट बरेच बिनविषारी साप घाबरले की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात, समोरच्याने घाबरून जावं म्हणूनच. कवड्या आणि मण्यार यांतला फरक पुस्तकात सोपा वाटतो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. आता रात्री अकरा वाजता, वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात मोरीत वेटोळं दिसतंय, त्यात मान कुठली आणि शेपूट कुठली ते सांगा बघू. ओळखीची हौस जरूर असावी, पण ती लांबून काढलेल्या फोटोवर भागवावी.

आता शेपटी, गोणी आणि लांबचं रान. मेसेजमधला हा सर्वांत दयाळू भाग, म्हणून त्यावर जरा थांबतो. न मारता सोडून देणं ही भावना चांगलीच आहे. पण शेपटीला धरून लटकवलेल्या सापाच्या मणक्यांना इजा होते, आणि वर वळून चावायला त्याला पुरेशी मोकळीक राहते. फोटोसाठी साप गळ्यात घालणारे काही जण सर्पमित्र म्हणून मिरवतात, तिथूनच हे शिकलं गेलं असावं. नीट काम करणारी माणसं हाताने धरत नाहीत. काळोखी पिशवी, तिच्या तोंडाला बसवलेला पाइप, आणि पाइपचं दुसरं टोक सापासमोर. सापाला ते बीळ वाटतं, आकड्याने किंचित ढोसलं की तो आपण होऊन आत जातो. बघणाऱ्यांची फार निराशा होते, कारण बघण्यासारखं काहीच घडत नाही.

आणि लांब रान म्हणजे किती लांब? सापाला आपला टापू असतो. पाणी कुठे, बिळं कुठली, ऊन कुठे मिळतं, मुंगसापासून लपायचं कुठे, हे त्याला त्या टापूतलंच ठाऊक. अमेरिकेत खुळखुळ्या सापांना रेडिओ बसवून अभ्यास झाले. लांब नेऊन सोडलेले साप वाट चुकल्यासारखे जास्त भटकले आणि त्या भागातल्या मूळच्या सापांपेक्षा जास्त मेले. आपण ‘निसर्गात सोडला’ म्हणून हात झटकतो. म्हणून घरातून काढलेला साप शक्यतो त्याच परिसरात, वस्तीपासून जरा बाजूला, गडग्याच्या किंवा झाडोऱ्याच्या आडोशाला सोडायचा असतो. ‘मग तो परत येईल ना?’ असं आमच्या काकींनी विचारलं होतं. उंदीर राहिले तर तो किंवा दुसरा कोणीतरी येईलच. वीस किलोमीटरवर नेऊन त्यात फरक पडत नाही.

शिवाय हे तुम्ही-आम्ही करायचं कामच नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण यांना संरक्षण आहे. त्यांना मारणं हा गुन्हा आहेच, परवानगीशिवाय पकडणं किंवा घरात ठेवणं हाही गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे. तिथे किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या जवळच्या सर्पमित्राला फोन करायचा. ते येईपर्यंतचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे. पोरं आणि कुत्रा बाहेर. घरात जाणारं आतलं दार बंद, त्याखाली ओला टॉवेल किंवा गोणपाट कोंबायचा, अंगणाकडचं दार उघडं. एका माणसाने सात-आठ फुटांवरून फक्त नजर ठेवायची. मदत पोचायच्या आधी साप उघड्या दाराने निघून गेला, तर उत्तमच. दिसेनासा झाला आणि गेला की नाही कळत नसेल, तर दाराशी आणि मोरीशी रांगोळीचा पातळ थर पसरून ठेवा. सकाळी माग दिसतो.

डूख धरण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण लिहून कोणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही. सापाची नर-मादी संसार करत नाहीत. मिलनाचा काळ सोडला तर ती एकेकटी असतात. एकाला मारल्याचं दुसऱ्याला कळण्याचा प्रश्न नाही, मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवण्याचा तर नाहीच. ‘जोडी नाचत होती’ म्हणून सांगतात ते उभं राहून पीळ घालणारे धामण बहुतेकदा दोन नर असतात, आणि तो नाच नसून कुस्ती असते.

मारून साप संपतात का, याचा प्रयोग मात्र आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात झालेला आहे. इंग्रज सरकारने फुरशांवर इनाम लावलं होतं. १८६२च्या डिसेंबरात आठेक दिवसांत लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आजही आंब्याच्या बागेत पालापाचोळा उचलताना माणसं हात जपून घालतात ती फुरशांमुळेच.

पिल्लाचा मुद्दा अर्धवट आहे. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात, पिल्लं जन्मल्यापासून आपापल्या वाटेने. तेव्हा घर खणून आई शोधायची गरज नाही. घोणस तर अंडीच घालत नाही, एकदम पिल्लं देते, वीस, तीस, कधी त्याहून जास्त, आणि पावसाच्या तोंडाशीच. त्यातलं एक चपलांच्या कोपऱ्यात सापडतं आणि कोणीतरी ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून तळहातावर घेतं. घोणशीचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. मेसेजने नको त्याची भीती घातली आणि हवी ती घालायची राहून गेली.

राहिला दंश. आमच्याकडे जुनी माणसं ‘साप चावला’ म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. दवाखान्यात उशिरा पोचणं हे त्यामागचं मोठं कारण, आणि मेसेजमधले उपाय नेमका तोच उशीर करतात. घट्ट आवळलेल्या दोरीने हाताचं रक्त थांबतं आणि हात गमावायची पाळी येते. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, अशा माणसाला ब्लेडने चीर दिली तर ती वाहतच राहते. नाजा २०० म्हणजे नागाचं विष शंभर पटीने पातळ करायचं, आणि असं दोनशे वेळा. त्या थेंबात विषाचा एक कणही उरत नाही, औषधाचाही नाही. मग ‘आमच्याकडे गुण आला’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. अशा माणसाला थेंब दिले काय, चहा दिला काय, तो उठून बसणारच. ज्याला खरंच विष भिनलंय त्याचा तास मात्र त्या बाटलीपायी जातो.

साप मारून दवाखान्यात न्यायचंही कारण नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असते. डॉक्टर लक्षणं बघतात, काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते बघतात आणि ठरवतात. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं, म्हणजे एका पेशंटचे दोन व्हायचे. चावलेल्याला धीर द्या, चालवू नका, अंगठी, बांगड्या, जोडवी सूज यायच्या आत काढा, हातपाय मोडल्यावर फळी लावतात तसा आधार देऊन स्थिर ठेवा, १०८ला फोन करा, आणि वाट बघण्यापेक्षा दुसरी गाडी लवकर पोचवणार असेल तर ती घ्या.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं, मेसेजमध्ये तिचं नावही नाही. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दुखत जवळजवळ नाही, सूज नाही, दातांची खूण पुष्कळदा सापडतच नाही. डास चावला असेल म्हणून माणूस कूस बदलून झोपतो. म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपा. तेवढ्या खाटा नसतील तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा चटईखाली चारही बाजूंनी नीट खोचा. आणि जमिनीवर निजलेलं कोणी पहाटे पोटात कळ येते म्हणून उठलं, बोलताना जीभ जड झाली, पापण्या उघडायला सांगूनही मिटत चालल्या, तर ओवा-सोडा देऊ नका आणि अंगावर खूण शोधत बसू नका. गाडी काढा, आणि जिथे कृत्रिम श्वास द्यायची सोय आहे त्याच दवाखान्यात न्या.